तेरा भागांपासून ‘आज शूट, उद्या टेलिकास्ट’पर्यंत

मराठी मालिकांचा दर्जा घसरला, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की तिच्यावरच एखादी मालिका निघावी. दोष कधी लेखकांना दिला जातो, कधी वाहिन्यांना आणि कुणीच हाती लागले नाही तर प्रेक्षकांच्या अभिरुचीला. पण 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तिथपासूनच्या पन्नासेक वर्षांकडे निर्मितीच्या अंगाने पाहिले तर बदललेली मुख्य गोष्ट वेगळीच दिसते. गोष्ट कागदावर उतरणे आणि ती पडद्यावर दिसणे यांच्यात पूर्वी जो अवधी असे, तो आटत आटत जवळजवळ नाहीसा झाला. मालिकेचा आशय, तिची लांबी, तिच्यातल्या माणसांचे बोलणे, इतकेच काय तिच्यातल्या दिवाणखान्याचा आकारसुद्धा या अवधीवरून ठरतो. अभिरुचीचा प्रश्न त्याच्या नंतर येतो.

यावर कुणी म्हणेल की वरळीच्या केंद्रातून सुरुवातीचे कितीतरी कार्यक्रम थेटच जात असत, म्हणजे तेव्हा तर हा अवधी शून्य होता. खरे आहे, पण थेट जायचे म्हणूनच तालमी आधी होत. निर्माता केंद्राचा पगारी नोकर होता, त्याच्या हाती आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा ठरलेला कार्यक्रम होता आणि फ्लोअरवर चूक झाली तर ती पुसायला संकलक नव्हता. ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’ यांसारखे कार्यक्रम या व्यवस्थेतून आले. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ला तर चिं. वि. जोशींच्या कथा तयार मिळाल्या होत्या. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या वाट्याला पूर्ण लिहिलेली, वाचकांनी पारखलेली पात्रे आली. अर्थात त्या काळाचे सोने करण्याचीही गरज नाही. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे रटाळ कार्यक्रमांचा पुरावाच फारसा उरला नाही आणि आठवणीत राहिले ते चांगलेच राहिले. शिवाय दुसरी वाहिनी नव्हती. प्रेक्षक उठून जाणार कुठे?

ऐंशीच्या दशकात प्रायोजित मालिका आल्या आणि कामाला एक माप मिळाले, तेरा भागांचे. आठवड्याला एक भाग म्हणजे बरोबर वर्षाचा एक चतुर्थांश. जाहिरातदाराच्या हिशोबालाही ते सोयीचे. निर्मात्याने प्रस्ताव द्यायचा, नमुन्याचा भाग म्हणजे पायलट दाखवायचा, मंजुरीची वाट पाहायची. या मंजुरीत वशिला चालत असे, फायली रखडत, हेही तितकेच खरे. तरी तेरा भागांच्या मापाचा एक मोठा उपयोग होता: थांबून विचार करायला जागा मिळे. 7 जुलै 1984 रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’चे उदाहरण बोलके आहे. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या समाजशिक्षणाच्या मालिकांवरून प्रेरणा घेतलेल्या या मालिकेचे पहिले तेरा भाग कुटुंबनियोजनाच्या उपदेशाने जड झाले होते. लोकांना ते रुचले नाहीत, तेव्हा उपदेश पातळ करून लेखक मनोहर श्याम जोशी यांनी माणसांच्या सुखदुःखावर भर दिला आणि पुढे मालिका देशभर पाहिली गेली. प्रेक्षकांची पत्रे येत, अभिनेते अशोककुमार भागाच्या शेवटी प्रेक्षकांशी बोलत. म्हणजे प्रेक्षकाचे ऐकून गोष्ट वळवणे हा काही टीआरपीचा शोध नव्हे. फरक इतकाच की पत्र लिहिणारा आपल्याला काय खटकले ते सांगतो. आकडा फक्त माणूस बसला की उठला एवढेच सांगतो.

घाईसुद्धा नवी नाही, असा आक्षेप घेता येईल. ‘रामायण’ मालिका 1987-88 मध्ये दर रविवारी लागत असे आणि कित्येकदा तिची टेप ऐन वेळी दूरदर्शनला पोहोचे असे सांगितले जाते. तीही 52 भागांची ठरली होती आणि 78 भागांपर्यंत वाढली. पण तिथे शेवट हजारो वर्षांपूर्वी लिहून झालेला होता. दिग्दर्शक रामानंद सागर यांना प्रसंग खुलवायचे होते, शोधायचे नव्हते. घाईने तिथे फार तर सजावट बिघडली असती. गोष्टीची दिशा बिघडणे शक्य नव्हते.

दिशा बिघडण्याची शक्यता निर्माण झाली ती दैनंदिन मालिकेपासून. दूरदर्शनवरची ‘दामिनी’ ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका मानली जाते. 1999 मध्ये अल्फा मराठी आली, पाठोपाठ ईटीव्ही मराठी, 2008 मध्ये स्टार प्रवाह, आणि आठवड्याचे पाच-सहा भाग हाच नियम झाला. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. चित्रपटाच्या सेटवर दिवसभरात दोन-तीन मिनिटांचे काम पदरात पडले तरी समाधान मानतात. मालिकेच्या युनिटला बारा तासांच्या शिफ्टमध्ये अख्ख्या भागाच्या आसपास पोहोचावे लागते. हे जमावे म्हणून कामाचे तुकडे पडले. कथाविस्तार एकाचा, वनलाइनवरून म्हणजे दृश्यांच्या थोडक्या आराखड्यावरून पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि प्रत्येक पायरीवर वाहिनीची संमती. दृश्याचे कागद चित्रीकरणाच्या दिवशी, कधी मेकअप चालू असताना हातात पडतात. कुणा नटाचा नाटकाचा दौरा असेल तर त्याचे पॅच म्हणजे सुटे प्रसंग आधी उरकून घ्यायचे, गरज पडली तर दोन युनिटे लावायची, रात्री संकलन, पार्श्वसंगीत, तपासणी आणि भाग रवाना. हाताशी आठ-दहा भागांची ‘बँक’ असेल तर युनिट सुखी. ती संपली की आज शूट, उद्या टेलिकास्ट.

आता या वेळापत्रकाचे परिणाम पाहावेत. दिवाणखाना प्रशस्त, कारण तिथे तीन कॅमेरे फिरवता येतात आणि प्रकाशयोजना एकदा लावली की हलवावी लागत नाही. सगळे कुटुंब एकाच दृश्यात ओळीने उभे, कारण एका मांडणीत अधिक मिनिटे निघतात. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ढणढणाटासह कॅमेरा जातो तो दिग्दर्शकाला नाट्यशास्त्र ठाऊक नसते म्हणून नव्हे, तर चार पानांच्या दृश्यातून सहा मिनिटे काढायची असतात म्हणून. दर गुरुवारी येणाऱ्या रेटिंगच्या आकड्यांवर पुढचा ट्रॅक ठरतो, तेव्हा नायिकेचा स्वभाव महिनाभर टिकण्याचीही हमी देता येत नाही. ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून 2013 पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एवढ्या लांबीची गोष्ट आधी बांधून ठेवणे कुठल्याच लेखकाला शक्य नाही. याउलट निर्मितीची परिस्थिती बदलली की आशयही बदलतो. ‘रात्रीस खेळ चाले’ कोकणातल्या आकेरीत, ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरच्या परिसरात चित्रित झाली, तेव्हा पडद्यावर मालवणी आणि कोल्हापुरी बोली आल्या आणि तिथल्या रंगकर्मींना काम मिळाले.

या सगळ्याला एक वजनदार उत्तर आहे: रोजच्या मालिकेने हजारो घरे चालवली. रंगभूमीवरच्या नटाला मासिक उत्पन्न, तंत्रज्ञाला वर्षभर काम हे तेरा भागांच्या व्यवस्थेने कधीच दिले नसते. ते मान्य करायलाच हवे. चित्रीकरण प्रसारणाच्या जवळ राहिल्याने गणपती, मंगळागौर, दिवाळी पडद्यावर आणि घरात एकाच दिवशी साजरी होते, हा आनंदही खोटा नाही. पण रोज दाखवणे आणि रोज ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधील ‘कोरोनेशन स्ट्रीट’ 1960 पासून चालू आहे. तिची कथानके लेखकांच्या बैठकांत कित्येक आठवडे आधी ठरतात आणि भागही प्रसारणाच्या बरेच आधी चित्रित होतात. रोजगार तिथेही टिकला आहेच. प्रेक्षकांना हेच हवे असते, या युक्तिवादातही फार दम नाही, कारण दुसऱ्या पद्धतीने केलेली रोजची मालिका त्यांच्यापुढे क्वचितच ठेवली गेली.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे चित्रीकरणे थांबली आणि या व्यवस्थेची शिल्लक किती, हे सर्वांना दिसले. थोड्याच दिवसांत नवे भाग संपले, वाहिन्या जुने भाग दाखवू लागल्या आणि दूरदर्शनवर पुन्हा लागलेल्या ‘रामायण’ला प्रचंड प्रेक्षक मिळाला. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात निर्बंध आले तेव्हा युनिटे गोव्यात, सिल्वासाला, हैदराबादला धावली. गोव्यानेही काही दिवसांत परवानगी काढून घेतली. त्यानंतर सेट परत आले, पण पद्धत तीच राहिली. वाहिन्यांनी दोन गोष्टी कराव्यात: मालिका जाहीर करताना तिच्या भागांची संख्या जाहीर करावी आणि किमान महिन्याभराचे लेखन हाती असल्याशिवाय पहिला भाग दाखवू नये. यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी फारसा खर्चही येत नाही.