आजोबांचा हिरवा कंदील

आपल्या खातेगांवात आजवर रेल्वे आलेली नाही. गाडी धरायची तर नेमावरला नर्मदेचा पूल ओलांडून हरद्याला जावे लागते. माझ्या आईचे बालपण मात्र रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेले. तिचे वडील, म्हणजे आम्हां सर्वांचे नाना, भुसावळ ते इटारसी या मार्गावरील स्टेशनांवर मालबाबू होते. खिरकिया, हरदा, टिमरनी ही नावे आई आजही एका दमात म्हणते.

रुग्णाचा पूर्वेतिहास नीट घ्यावा, हे आपण सर्व डॉक्टर पहिल्या वर्षापासून शिकतो. आपल्याच घराचा पूर्वेतिहास घ्यायला मात्र मला साठी उलटावी लागली. निमित्त झाले माझ्या नातवाचे. मुलीचा हा आठ वर्षांचा मुलगा इंजिनांची चित्रे काढतो आणि मोठेपणी गाडी चालवणार म्हणून सांगतो. त्याने विचारले, "पणजोबा रेल्वेत काय करायचे?" मालबाबू होते, यापलीकडे मला काही सांगता येईना.

घरात एक कथा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. नाना गार्डाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले होते. परंतु गोऱ्या साहेबाला त्यांनी सडेतोड उत्तर दिले आणि त्यांची बढती हुकली. ही गोष्ट आईच्या जन्माआधीची. तिने ती आपल्या आईकडून ऐकलेली, आणि ती सांगताना शहाऐंशीव्या वर्षीही तिचा आवाज ताठ होतो.

मी शोधाला लागलो. नाना 1925 साली नोकरीस लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कारभार कंपनीकडून सरकारकडे आला होता. मुंबई ते जबलपूर हा त्यांचा लोहमार्ग 1870 मध्ये पूर्ण झालेला. पुढे 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली आणि नाना बसल्या जागी तिचे नोकर झाले. त्या वेळी निवृत्तीचे वय 55 होते, ते 1962 च्या अखेरीस 58 झाले; त्यामुळे 1960 मध्ये निवृत्त झालेल्या नानांना वाढीव वर्षे मिळाली नाहीत. निवृत्तिवेतनाची योजना रेल्वेत 1957 मध्ये आली. जुन्या नोकरांना तीत जाण्याची किंवा भविष्यनिर्वाह निधीतच राहण्याची मुभा होती. नानांनी निधी पसंत केला, हे घरातील पावत्यांवरून कळले.

रेल्वेच्या जुन्या कागदांचे मोठे संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तेथे बोर्डाचे ठराव सापडतात आणि विलायतेतून करारावर आलेल्या माणसांच्या नोंदी सापडतात. एखाद्या देशी मालबाबूचा माग काढायचा तर घरातील ट्रंकच उघडावी लागते. मामाकडील माळ्यावरून आम्ही ती उतरवली. बदलीचे हुकूम, पासांची अर्धुके, निधीच्या पावत्या, आणि त्यांत चार घड्या घातलेला एक पिवळा कागद. तो रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल होता, सन 1934 चा. दृष्टी उत्तम, रंगज्ञान सदोष, गार्डाच्या कामास अपात्र, कारकुनी कामास योग्य. साहेबाशी झालेल्या वादाचा कोठे उल्लेखही नव्हता.

मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. कारण 1978 साली शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात इशिहाराच्या चकत्यांमधील अंक मलाही दिसले नव्हते.

ही तपासणी रेल्वेत कशी आली, हे आपल्या वाचकांना रोचक वाटेल. नोव्हेंबर 1875 मध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ जण दगावले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ होल्मग्रेन यांनी लोकरीच्या रंगीत लडी जुळवायला लावून एका मार्गावरील 266 कर्मचारी तपासले. त्यांत 13 वर्णांध निघाले. त्या अपघाताचे खरे कारण वर्णांधताच होते काय, याविषयी पुढे संशोधकांनी शंका घेतली. तपासणी मात्र जगभर रूढ झाली. पुढे 1917 मध्ये इशिहारांच्या चकत्या आल्या. आजही भारतीय रेल्वेत गाडी चालविणाऱ्यांचा वैद्यकीय वर्ग ए-1 असतो आणि त्यांना रंगदृष्टीची परीक्षा द्यावीच लागते. लाल व हिरव्या कंदिलावर शेकडो जीव विसंबून असतात, तेथे हा नियम कठोर म्हणता येणार नाही.

याचा आनुवंशिक क्रमही 1876 मध्येच स्विस नेत्रतज्ज्ञ हॉर्नर यांनी मांडला होता: आजोबांकडून मुलीमार्फत नातवाकडे. दोष क्ष-गुणसूत्रावर असतो. नानांचे ते गुणसूत्र आईला मिळाले, आईकडून मला. माझ्याकडून ते माझ्या मुलीला मिळालेच आहे. आणि तिच्या मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी.

आता प्रश्न होता आईला सांगावे की नाही. साहेबाला उत्तर देणारे वडील हा तिचा आयुष्यभराचा अभिमान. तो एका पिवळ्या कागदाने काढून घेण्याचा मला काय अधिकार? आठवडाभर मी गप्प राहिलो. शेवटी तिनेच विचारले, "ट्रंकेत काय सापडलं रे?" मी कागद वाचून दाखवला.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून नाना परसातल्या मिरच्या तोडताना मला जवळ बोलवायचे. म्हणायचे, पिकलेली कोणती ते तू दाखव, मी तोडतो. मला वाटायचं, माझे लाड करतात." आणि थांबून म्हणाली, "आम्ही तिघी बहिणी. लग्नात कुणी दोष काढू नये म्हणून आईनं ती साहेबाची गोष्ट रचली असेल. तूही मला कधी सांगितलं नाहीस ना?"

नव्हते सांगितले. सहकाऱ्यांनाही नाही. पस्तीस वर्षे लघवीच्या पट्टीचा रंग मी कंपाउंडरकडून वाचून घेतला, अंगावरचे पुरळ नातेवाइकांना "कधीपासून लाल दिसतंय?" असे विचारून ओळखले. रुग्णाचे नुकसान होऊ नये म्हणून काळजी घेतली. पण कारण कोणाला सांगितले नाही. नानांच्या घराने जे केले तेच मी केले. आज या स्मरणिकेच्या पानावर प्रथमच लिहीत आहे.

नातवाची तपासणी पुढच्या महिन्यात करायची ठरली आहे. निकाल काहीही लागो, तो त्याला आत्ताच कळावा; स्वप्न पक्के झाल्यावर नव्हे. इंदूरहून बुधनीकडे जाणाऱ्या नव्या लोहमार्गाला मंजुरी मिळाली आहे आणि त्यात खातेगांवचे नाव आहे. त्या मार्गावर इंजिन चालवता आले नाही, तरी रेल्वेत माणसाला करण्यासारखी कामे पुष्कळ असतात. पणजोबांनी पस्तीस वर्षे ती केली.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर ती उतरवावी. कागदात काय लिहिले आहे हे आपण वाचू शकतो. मिरच्यांची गोष्ट सांगायला आईच लागते.