कामातली करमणूक

करमणूक म्हटली की तिकीट काढून मिळणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. आम्हांला येथे निराळ्याच करमणुकीविषयी बोलायचे आहे. हात कामात गुंतलेले आहेत आणि डोक्याला मात्र काम नाही, अशा वेळी माणूस स्वतःपुरती जी गंमत निर्माण करतो, ती. तिला पैसा लागत नाही की सवड लागत नाही. किंबहुना सवड नसते म्हणूनच ती जन्माला येते. ज्यांनी एकच बोल्ट दिवसभर आवळलेला नाही, त्यांना हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे.

डोनाल्ड रॉय ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाला तो पोरकट वाटला नाही. त्याने एका कारखान्यात स्वतः मजुरी केली आणि १९५९-६० साली त्यावर 'बनाना टाइम' नावाचा लेख लिहिला. काम असे : डाय ठेवायची, यंत्र दाबायचे, तुकडा काढायचा, पुन्हा डाय ठेवायची. पहिल्या दिवसांत त्याला वाटले, येथे माणूस टिकणार नाही. मग त्याने खेळ मांडला. ठरावीक तुकडे झाले की रंग बदलायचा, मग डाय बदलायची, मध्येच ठोकळा घासून साफ करायचा. बाहेरच्याला ह्यात काही दिसणार नाही. पण पुढे 'काहीतरी' आहे एवढ्यावर सकाळ सरत असे.

त्याच्या सोबत्यांनी तर ह्याहून मोठा संसार थाटला होता. एक जण जेवणाच्या डब्यात रोज केळे आणी. दुसरा ते रोज चोरी, 'केळ्याची वेळ झाली' असे ओरडे आणि खाऊन टाकी. पहिला रोज संतापे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळे घेऊन येई! मग खिडकीची वेळ : हा उघडणार, तो गारठ्याची तक्रार करणार. अशा 'वेळां'नी लांबलचक दिवसाचे तुकडे पडत. घड्याळ मालकाचे, पण वेळा ह्यांच्या.

हे शोधायला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे पहाटे जात्यावर बसलेल्या बायांनी तेच केले. दोघी समोरासमोर, खुंट्याला हात, आणि दळणाबरोबर ओवी. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर ह्यांनी सुरू केलेल्या कामातून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. त्यांत माहेर आहे, देव आहे, रडणे आहे, तशीच सासरच्यांची टिंगलही आहे. दळण थांबत नव्हते, म्हणून कोणी तोंड बंद करीत नव्हते.

बोलण्यातही हे साधते. आमच्या ओळखीचे एक हमालदादा आहेत. 'कसं काय?' ह्या रोजच्या प्रश्नाला आपण सगळे 'चाललंय' म्हणून मोकळे होतो. हे दादा सोमवारी म्हणणार, 'पंक्चर काढून चाललंय'. मंगळवारी, 'उताराला न्यूट्रलवर आहे'. आता विचारणारेच उत्तर ऐकायला थांबतात. ह्यात विद्वत्ता नाही. रोजच्या वाक्यातला एक शब्द हलवायचा, एवढेच.

मात्र थट्टेला परतफेड करता आली पाहिजे. रॉयच्या खोलीत एके दिवशी थट्टा एकाच्या वर्मी लागली आणि कित्येक दिवस बोलणे तुटले. काम तेच, यंत्र तेच; पण गंमत गेली आणि थकवा जाणवू लागला. आपल्याकडे वर्मे अधिक आहेत. जात, गाव, रंग, बाईमाणूस, नवा कंत्राटी पोरगा. ज्याला उलट बोलण्याची सोय नाही त्याच्यावर हसणे म्हणजे मुकादमी झाली. आम्ही सभेतही हे सांगतो आणि काहींना ते रुचत नाही.

दुसरा धोका वरून येतो. एका गोदामात, नाव सांगत नाही, पॅकिंगच्या पट्ट्यावर बोलण्यास मनाई आहे. हातातला स्कॅनर दोन खोक्यांमधले सेकंद मोजतो. हे कलम काढावे म्हणून आम्ही बोलणी केली, तेव्हा साहेबांनी महिन्यातून एक 'आनंदाचा शुक्रवार' देऊ केला. फुगे, टोप्या, फोटो. बायकांनी टोप्या घातल्या, फोटो काढले आणि एकीने विचारले, 'साहेब, हा अर्धा तास पगारात धरणार की कापणार?' त्यावर साहेबांनाही हसू आवरेना.

कोणी म्हणेल, गमतीने कामगार शांत राहतो, मग युनियनला त्यात काय रस? आम्हांला हे पटत नाही. जे चौघे रोज एका केळ्यावरून भांडू शकतात, त्यांना एकमेकांचा स्वभाव कळलेला असतो. आणि ओव्हरटाइमच्या हिशेबासाठी एकत्र उभे राहताना तोच उपयोगी पडतो. अर्थात गंमत ही बसायच्या स्टुलाची किंवा चहाच्या सुट्टीची जागा घेऊ शकत नाही. त्या मागण्या वेगळ्या आहेत आणि त्या आम्ही वेगळ्याच मांडल्या आहेत.

त्या गोदामातले बोलण्याचे कलम अजून चर्चेत आहे. दरम्यान पट्ट्यावरच्या बायांनी न बोलता खेळायचा खेळ काढला आहे. खोके उचलले की वजनावरून आत काय असेल ते ओळखायचे. साबण असेल तर एक बोट, पुस्तक असेल तर दोन, चप्पल असेल तर अंगठा. मग लेबल वाचायचे. दिवसभरात जिच्या चुका अधिक, तिने सुटताना शेंगदाणे द्यायचे.