मुरुमाची चढण, काळ्या मातीची पांदण

मोटारसायकलीवरून डोंगर पालथे घालण्याचा विषय निघाला की आपल्याकडच्या तरुणांच्या तोंडी लडाख, खारदुंग ला, स्पिती ही नावे एकापाठोपाठ येऊ लागतात. त्यांत कोणी परभणी जिल्ह्याचे नाव घेतलेच तर ऐकणारा सौजन्याने हसतो, कारण परभणी म्हणजे गोदेच्या खोऱ्यातील सपाट काळे रान, कापूस, ज्वारी आणि कृषी विद्यापीठ, एवढाच भूगोल त्याच्या मनात पक्का असतो. हा भूगोल खोटा नाही, अपुरा आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरत आलेले आहेत, दक्षिणेस गंगाखेडच्या अंगाने बालाघाटाची टेकाडे उभी आहेत, आणि या दोहोंच्या मध्ये गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे संथ वाहते. उंचीच्या हिशेबाने या डोंगरांना कोणी डोंगर तरी म्हणेल की नाही याची शंकाच आहे. परंतु डांबर सोडून आडवाटेने दुचाकी हाकणाऱ्याची परीक्षा चाकाखालची जमीन घेत असते, आणि त्या बाबतीत हा जिल्हा मोठा कठोर परीक्षक आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून जो काळा पाषाण दख्खनभर निर्माण झाला, त्या एकाच पाषाणाची येथे दोन अपत्ये नांदतात: माथ्यावर आणि उतारावर झिजून भुगा झालेला तांबूस-करडा मुरूम, आणि युगानुयुगे कुजून, वाहून खोऱ्यात साचलेली काळी माती. मुरूम पाणी झिरपू देतो, त्यामुळे पाऊस उघडल्यावर थोड्या वेळात तो चालण्याजोगा होतो. त्याचा दोष एवढाच की खालच्या कठीण थरावर सुट्या खड्यांचा पातळ पसारा राहतो आणि पुढचा ब्रेक जरा जोराने दाबला की चाक त्यावरून निसटते. काळ्या मातीची प्रकृती निराळी. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. म्हणून वैशाखात जिच्या भेगांत हात जातो, तीच जमीन आषाढात पावलाला आणि चाकाला सोडीनाशी होते.

सेलू आणि जिंतूर यांच्या दरम्यान अशाच एका पांदणीतून माझे स्नेही पुढे व मी मागे असे चाललो असता त्यांच्या गाडीचे पुढचे चाक हळूहळू फिरेनासे झाले. ते घसरले नाही, रुतले नाही. नुसते फिरेनासे झाले. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली बोटभर फट मातीने ठासून भरली होती, आणि त्या मातीत गवताच्या काड्या व कापसाची बोंडे अशी काही गुंतली होती की भिंतीला लिंपण करणाऱ्यानेही ते मिश्रण पसंत करावे. बांधावरची पऱ्हाटी मोडून आम्ही ते खरवडले, थोडे पुढे गेलो आणि पुन्हा खरवडत बसलो. शेजारी शेळ्या राखणारे एक वृद्ध गृहस्थ हा उद्योग शांतपणे पाहत होते. ‘काका, पुढं वाट आहे का?’ असे स्नेह्यांनी विचारताच ते म्हणाले, ‘वाट हाय की. पन वापसा तर होऊ द्या. आमी आज बैल घातले न्हाईत रानात, अन् तुमी फटफटी घातली!’ डोंगरवाटांसाठी घडविलेल्या गाड्यांचा पुढचा मडगार्ड चाकापासून वीतभर उंच का असतो, याचे याहून समर्पक प्रात्यक्षिक मिळणे कठीण.

खरी चढण जिंतूरच्या परिसरात. गावापासून जवळच नेमगिरीचा डोंगर आहे. तेथील जैन लेण्यांमुळे यात्रेकरूंचा राबता असतो, तेव्हा त्या आवारापर्यंत एंजिनाची धडधड न नेणे हेच सभ्यतेचे. तेथून उत्तरेस पूर्णेवरील येलदरी धरणाच्या बाजूला वळले की टेकड्यांच्या अंगावरून मुरमाड गाडीवाटा चढताना दिसू लागतात. चढणीच्या पायथ्याशीच योग्य गिअर धरावा, फूटरेस्टवर उभे राहून गुडघ्यांनी टाकी हलकेच आवळावी, आणि मध्ये थांबू नये, हा सर्वमान्य दंडक. उभे राहिल्याने शरीराचा भार आसनाऐवजी खाली फूटरेस्टवर येतो आणि गाडी खड्ड्यांतून स्वतंत्रपणे डोलू शकते. स्वाराने तिला सरळ धरण्याचा हट्ट केला की ती पडलीच म्हणून समजावे. उतरताना पहिला गिअर, क्लच सोडलेला, मागचा ब्रेक माफक; वेग एंजिनाने आवरायचा. चाकांत रस्त्यावर तीस पौंडांच्या आसपास असणारी हवा येथे वीसवर आणली तर टायर अधिक जागा धरतो, मात्र त्याहून कमी केल्यास धारदार दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चेचली जाते.

सोबतीला मित्र हवा तो गप्पांसाठी नव्हे. चढणीवर एका वेळी एकानेच जावे, माथ्यावर पोचून हात करावा, तोवर दुसऱ्याने पायथ्याशी थांबावे. कारण मध्यावर गाडी आडवी झाली तर दीडशे-दोनशे किलोंचे ते धूड उतारावर एकट्याने उचलणे धडधाकट माणसालाही जड जाते. पंक्चर काढताना एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने टायर उकलायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परत फिरावे असे दोघांपैकी एकाला वाटले तर दुसऱ्याने वाद घालू नये.

वाहनांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ज्या जातीच्या गाड्यांचा आरंभ बहुधा १९८०च्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस या गाडीपासून मोजतात, त्या जातीचे स्वस्त देशी नमुने रॉयल एन्फील्डच्या हिमालयनने २०१६ मध्ये आणि हीरोच्या एक्सपल्सने २०१९ मध्ये आपल्याकडे आणले. त्याआधीच सी. एस. संतोष या भारतीयाने २०१५ ची डाकार शर्यत पूर्ण करून छत्तिसावा क्रमांकही मिळविला होता. खेडोपाडीच्या दूधवाल्यांनी मात्र राजदूतवर दोन्ही बाजूंना कॅन लटकावून याच वाटा कितीतरी आधी तुडविल्या, आणि त्याला साहस म्हणावे असे त्यांना कधी सुचले नाही.

वाट कोणाची, हा प्रश्न तेवढा जपून सोडवावा लागतो. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. प्रत्यक्षात त्या रेषेवर कोणाची तूर डोलत असेल तर नकाशा दाखवून हुज्जत घालू नये. वहिवाटीतला अडथळा दूर करण्याचा अधिकार १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारास दिलेला आहे, आणि बांधावरून रस्ता देण्याची तरतूद १९६६च्या महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. ही दोन्ही हत्यारे शेतकऱ्याच्या उपयोगाची, सहलीच्या नव्हेत. राखीव वनात परवान्यावाचून शिरणे हा १९२७च्या वन अधिनियमाखाली गुन्हा होतो, आणि टेकडीचा उघडा उतार वनखात्याचा की गायरान, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. गावात विचारावे, गाव बिनचूक सांगते.

काळ म्हणाल तर कार्तिकापासून माघापर्यंतचा. त्यानंतर पारा चढत जाऊन चाळिशी ओलांडतो आणि हेल्मेटच्या आत डोके शिजते. जिंतुरात पेट्रोल भरून घ्यावे, पाणी अंमळ जास्तच घ्यावे. स्नेह्यांचे मत असे की उत्तरेपेक्षा गंगाखेडकडची बालाघाटाची टेकाडे अधिक कसाची आहेत. मला ते मान्य नाही, आणि पुढच्या कार्तिकात ते मला तिकडे नेल्यावाचून राहणार नाहीत.