रेखाटलेलें कुटुंब आणि त्याचें हास्य

कुटुंब हा विनोदाचा फार जुना विषय आहे. नवऱ्याची फुशारकी, बायकोची चतुराई, शेजाऱ्याचा आगंतुकपणा आणि मुलांचे प्रताप एवढें भांडवल हाताशीं असलें, म्हणजे नाटककारास हंसविण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. परंतु हेंच कुटुंब जिवंत नटांऐवजीं शाईच्या रेघांनीं उभें करावें, तें दर आठवड्यास अर्धा तास दूरचित्रवाणीवर आणावें, आणि तेंही मुलांइतकेंच मोठ्यांच्या करमणुकीसाठीं, ही गोष्ट अमेरिकेंत १९६० सालीं प्रथम घडली. त्यानंतर अशा मालिकांच्या निदान तीन पिढ्या झाल्या. आपल्या देशांत १९९५ सालीं कार्टून नेटवर्क ही वाहिनी सुरू झाली, तेव्हां पहिल्या पिढींतील फ्लिंटस्टोन व जेटसन हीं कुटुंबें आपल्याही घरांत आलीं. सिम्पसन कुटुंबही आतां आपणांस अपरिचित नाहीं.

पालकवर्गाकडून ह्या मालिकांविषयीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. जुन्या मालिका निर्मळ होत्या, नव्यांनीं मात्र मुलांस बापाची थट्टा करावयास शिकविलें, अशी ती तक्रार आहे. ती तशीच स्वीकारण्यापूर्वीं ह्या निरनिराळ्या काळांतील मालिका एकमेकींशेजारीं ठेवून पाहणें बरें. पाहतांना एक प्रश्न मनाशीं धरावा: येथें हंसतो कोण, आणि कोणास?

पहिली मालिका 'द फ्लिंटस्टोन्स'. तिचे जनक विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा हे दोघे तत्पूर्वीं 'टॉम आणि जेरी' ह्या मांजर-उंदराच्या जोडीमुळें जगभर गाजले होते. तीं चित्रें मोठ्या चित्रपटगृहांसाठीं होतीं आणि त्यांवर पैसा व वेळ सढळ हातानें खर्च होई. १९५७ सालीं एमजीएम कंपनीनें आपला कार्टून विभागच बंद केला आणि ह्या दोघांस दूरचित्रवाणीकडे वळावें लागलें. येथें पैसा थोडा आणि काम अफाट. चित्रपटाच्या एका सेकंदांत चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक हालचाल नव्यानें काढूं म्हटलें, तर दर आठवड्याचा अर्धा तास भरून काढणें अशक्यच. म्हणून त्यांनीं काटकसरीची युक्ति योजिली. धड एका पारदर्शक पत्र्यावर, डोकें दुसऱ्यावर, तोंड तिसऱ्यावर. धड स्थिर ठेवून केवळ ओठ हलवावयाचे. हॅना-बार्बेरांच्या पुष्कळ पात्रांच्या गळ्यांत कॉलर किंवा टाय आढळतो, त्याचें कारणही हेंच. डोकें व धड यांमधील सांधा त्याखालीं झांकला जातो.

ह्या काटकसरीचा परिणाम विनोदाच्या जातीवर झाला. टॉमला एक शब्दही न बोलतां हंसवितां येत असे, कारण त्याची शेपटीही अभिनय करी. फ्रेड फ्लिंटस्टोनला ती सोय नव्हती. त्यास बोलावें लागलें, आणि बोलण्यांतून हंसवावयाचें तर घरांतील भांडणासारखें दुसरें साधन नाहीं. त्यास आयता नमुनाही मिळाला. १९५५-५६ सालीं जॅकी ग्लीसन ह्या नटाची 'द हनीमूनर्स' ही मालिका गाजली होती. तींत एक बढाईखोर बसचालक, त्याची शहाणी बायको, व शेजारचें भोळें जोडपें अशीं चार पात्रें होतीं. त्यांनाच जणूं वाघाचीं कातडीं नेसवून अश्मयुगांत नेऊन बसविलें, म्हणजे फ्रेड-विल्मा व बार्नी-बेटी हीं जोडपीं झालीं. अश्मयुग अर्थात् नांवापुरतेंच. बेडरॉक गांवांत मोटार आहे, पण ती पायांनीं पळवावी लागते. ग्रामोफोन आहे, पण त्याची सुई म्हणजे पक्ष्याची चोंच. कातडीं व दगड बाजूस सारले तर उरतें तें १९६० मधील अमेरिकन उपनगर, आणि आठ तास खाणींत राबून घरीं येणारा, घरांत आपलाच शब्द चालतो अशा समजुतींत असलेला एक कामगार. ती समजूत दर भागाच्या अखेरीस फुटते. फ्रेड लपून कांहीं उद्योग करतो, तो उघडकीस येतो, विल्मा रागावते, मग क्षमा करते. पुढच्या आठवड्यास पुन्हां तेंच.

आतां हास्याकडे वळूं. ह्या मालिकेंत प्रत्येक विनोदानंतर मोठ्या जनसमुदायाच्या हंसण्याचा आवाज येतो. हे लोक कोण? कोणीच नाहीं. चार्ल्स डग्लस नांवाच्या ध्वनितंत्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत एक पेटी तयार केली होती. तिच्या कळा दाबल्या कीं हवें तसें, हवें तेवढें हास्य निघे. जिवंत नटांच्या खेळांत निदान अशी शंकेला जागा असते कीं, समोर खरोखरीच प्रेक्षक बसले असतील. येथें तर नटही नाहींत. शाईच्या माणसांपुढें कोणते प्रेक्षक बसणार? तरीही तें हास्य घालण्यांत आलें, कारण घरीं बसलेल्या मनुष्यास केव्हां हंसावें हें सांगणारा कोणी तरी असावा असें त्या वेळच्या दूरचित्रवाणीचें मत होतें. फ्रेडला हंसावें कीं नाहीं ह्याचा निर्णय प्रेक्षकानें करावयाचा नव्हता. तो पेटीनें आधींच केलेला होता.

आणि ही मालिका निर्मळ होती काय? आरंभीचीं वर्षें तिचा खर्च विन्स्टन सिगारेटची कंपनी सोशीत असे. मालिकेस जोडून येणाऱ्या जाहिरातींत खुद्द फ्रेड व बार्नीच धूम्रपान करीत. अशा एका जाहिरातींत बायका अंगणांत राबत आहेत; त्यांचे कष्ट पाहवत नाहींत असें म्हणून दोघे नवरे घराच्या मागल्या बाजूस जातात आणि तेथें निवांतपणें सिगारेट ओढतात. पेटींतल्या हास्याच्या आडून काय विकलें जात होतें, तें यावरून दिसतें. अमेरिकेंत दूरचित्रवाणीवरून सिगारेटची जाहिरात करण्यास १९७१ च्या जानेवारींत बंदी झाली. पण फ्रेडच्या घरांतून सिगारेट त्याआधींच गेली होती व तिच्या जागीं द्राक्षरसाची बाटली आली होती. घरांत लहान मूल आलें होतें ना!

तें मूल म्हणजे पेबल्स. १९६३ च्या फेब्रुवारींत तिचा जन्म दाखविला गेला आणि फ्रेडची उडालेली धांदल पाहून देशभर लोक हंसले. पहिला बेत मुलगा दाखविण्याचा होता. परंतु बाहुली विकावयाची तर मुलीचीच अधिक खपेल, म्हणून मुलगी ठरली, असें सांगतात. बाहुली निघाली हें मात्र खरें, आणि ती पुष्कळ खपलीही. पेबल्समुळें फ्रेड थोडा मवाळ झाला. पण मुलीसाठीं त्यास काय सोडावें लागलें, हा प्रश्न त्या मालिकेंत उद्भवतच नाहीं. त्या काळीं खाणींतल्या एकट्याच्या पगारावर घर, मोटार, मूल व पाळलेला डायनोसॉर हें सर्व सुखानें चालत असे.

१९६२ सालीं त्याच कारखान्यांतून 'द जेटसन्स' हें शंभर वर्षें पुढचें कुटुंब बाहेर पडलें. घरकामास यंत्राची मोलकरीण, प्रवासास उडती मोटार. तक्रारी मात्र त्याच. मूळ भाग केवळ चोवीस निघाले. १९६६ च्या एप्रिलांत फ्लिंटस्टोन मालिकाही १६६ भागांनंतर संपली, आणि कार्टून ही वस्तु शनिवारच्या सकाळीं मुलांपुढें ठेवावयाची, असा संकेत रूढ झाला. १९७२ ते १९७४ ह्या काळांत हॅना-बार्बेरांनीं 'वेट टिल युवर फादर गेट्स होम' ही एक वेगळी मालिका केली. तींतील हॅरी बॉइल ह्या बापाचें आपल्या तरुण मुलांशीं पटत नाहीं. ती आज फारशी कोणास आठवत नाहीं, तरी पिढ्यांचें भांडण कार्टूनमध्यें आणण्याचा मान तिला दिला पाहिजे.

त्यानंतर १९८९ च्या डिसेंबरांत 'द सिम्पसन्स' मालिकेचा स्वतंत्र प्रवास सुरू झाला. मॅट ग्रेनिंग ह्या चित्रकारानें पात्रांस नांवें दिलीं तीं आपल्याच घरांतलीं: वडिलांचें होमर, आईच्या मार्गारेट नांवावरून मार्ज, बहिणींचीं लिसा व मॅगी. स्वतःच्या जागीं मात्र त्यानें बार्ट घातला. द्वाड पोरास इंग्रजींत जो शब्द आहे, त्याचींच अक्षरें फिरवून हें नांव झालें आहे. येथें हास्याची पेटी नव्हती. दूरचित्रवाणीवरील कार्टूनच्या इतिहासांत ही लहान गोष्ट नव्हे. होमर मूर्खपणा करतो आणि पाठोपाठ शांतता असते. हंसावें, कीं कींव करावी, कीं संतापावें, हें आतां घरांतील प्रत्येकानें आपलें आपण ठरवावयाचें. एकाच कोचावर बसलेला बाप व मुलगा कदाचित् निरनिराळ्या ठिकाणीं हंसतील. पालकांच्या अस्वस्थतेचें मूळ येथेंच असावें.

अस्वस्थता थोडीथोडकी नव्हती. अभ्यासांत मागें असल्याचा अभिमान मिरविणाऱ्या बार्टचें चित्र असलेले सदरे १९९० सालीं इतके पसरले कीं, अमेरिकेंतील कांहीं शाळांनीं त्यांस मनाई केली. (बंदीमुळें त्यांचा खप कमी झाला असेल, असें कोणाही शिक्षकास वाटणार नाहीं.) १९९२ च्या जानेवारींत तर राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनीं भर भाषणांत सांगितलें कीं, अमेरिकेंतील कुटुंबें सिम्पसनांपेक्षां वॉल्टनांसारखीं व्हावींत. वॉल्टन हें १९३० नंतरच्या महामंदीच्या काळांतील एक सद्गुणी कुटुंब. त्याची मालिका १९८१ पर्यंत चालली होती. सिम्पसनकारांनीं तीनच दिवसांत उत्तर दिलें. बार्ट म्हणाला, आम्हीही वॉल्टनांसारखेच आहों, मंदी संपावी म्हणून प्रार्थना करीत आहों. त्या वर्षीं अमेरिकेंत पुष्कळ लोक खरोखरीच बेकार होते, म्हणून तें उत्तर झोंबलें.

पण ज्या घराला राष्ट्राध्यक्षांनीं नांवें ठेविलीं, त्या घरांतील मुलीच्या जन्माची कथा पाहा. ती १९९५ च्या जानेवारींत दाखविली गेली. अणुवीजकेंद्रांतील नोकरीचा होमरला मनस्वी कंटाळा. कर्ज फिटतांच तो राजीनामा देतो आणि चेंडू लोटण्याच्या खेळघरांत, अल्प पगारावर पण मनाजोगें, काम धरतो. इतक्यांत तिसरें मूल होणार असें कळतें. त्या पगारांत तें पोसणें शक्य नाहीं. होमर आवडीचें काम सोडतो आणि जुन्या मालकाच्या दारीं अक्षरशः रांगत जातो. मालक त्यास परत घेतो, पण त्याच्या मेजासमोर एक पाटी ठोकतो. येथून तुझी कधींच सुटका नाहीं, हें विसरूं नकोस, अशा अर्थाची. पुढें मुलगी होते. घरच्या चित्रसंग्रहांत मॅगीचें एकही छायाचित्र कां नाहीं, असें थोरलीं मुलें विचारतात, तेव्हां आपणांस त्या पाटीचें दर्शन घडतें. होमरनें मॅगीचीं सारीं छायाचित्रें पाटीवर अशा रीतीनें चिकटविलीं आहेत कीं, कांहीं अक्षरें झांकलीं जाऊन उरलेल्यांचा अर्थ 'हें तिच्याकरितां कर' असा होतो. येथें पेटींतलें हास्य वाजलें असतें, तर ह्या प्रसंगाचा चुराडा झाला असता.

सिम्पसनांचें सर्वच गोड होतें असें मात्र नाहीं. स्प्रिंगफील्डमधील भारतीय दुकानदार अपू हा संगणकशास्त्राचा डॉक्टर, कष्टाळू व प्रेमळ दाखविला आहे. परंतु त्याचा आवाज हँक अझारिया ह्या भारतीय नसलेल्या नटानें, आपल्या उच्चारांची नक्कल करून काढलेला होता. अमेरिकेंत वाढलेल्या भारतीय मुलांस शाळेंत त्याच आवाजांत चिडविलें जाई. २०१७ सालीं हरी कोंडाबोलू ह्या भारतीय वंशाच्या विनोदकारानें त्यावर एक माहितीपट केला, आणि २०२० सालीं अझारिया यानें तो आवाज काढणें सोडलें. पेटी गेली तरी हास्यास दिशा असतेच, आणि ती कोणाच्या अंगावर जाते हें ज्याच्यावर जाते त्यासच आधीं कळतें.

१९९७ च्या फेब्रुवारींत सिम्पसनांचा १६७ वा भाग निघाला व फ्लिंटस्टोनांचा विक्रम मोडला. आजही नवे भाग निघत आहेत, परंतु पहिल्या दहा वर्षांतील होमर निराळा, असें आमचें मत आहे. पुढें तो अधिकाधिक केवळ विदूषक होत गेला. १९९७ सालींच आलेली 'किंग ऑफ द हिल' ही मालिका अधिक शांत. टेक्सासांत इंधनवायू विकणारा हँक हिल हा सज्जन, अबोल बाप. त्याचा मुलगा बॉबी त्यास मुळींच उमगत नाहीं. कार्टूनमधील मुलें सहसा वाढत नाहींत, पण २०२५ सालीं ही मालिका पुन्हां सुरू झाली, तेव्हां बॉबी एकवीस वर्षांचा होऊन डॅलस शहरांत स्वयंपाकी झालेला दिसला. १९९९ च्या 'फॅमिली गाय' विषयीं (ह्या नांवाचा आपल्या गाईशीं कांहीं संबंध नाहीं) येथें फार लिहिण्याचें कारण नाहीं. तींत चातुर्य आहे, पण माया नाहीं, आणि मुलांनीं ती न पाहिली तरी त्यांचें कांहींच अडणार नाहीं.

तिसऱ्या पिढीचें उदाहरण म्हणून २०११ सालीं सुरू झालेली लॉरेन बूशार्ड यांची 'बॉब्स बर्गर्स' घ्यावी. बॉब बेल्चरचें खाली छोटेंसें खाणावळवजा दुकान, वर बिऱ्हाड. बायको लिंडा आणि टीना, जीन व लुईज हीं तिन्ही मुलें दुकानांत हातभार लावतात. भाडें थकलेलें असतें, आणि समोरच्या जिमी पेस्टोच्या दुकानांत गिऱ्हाइकांची दाटी. फ्रेडचें घर एकट्याच्या पगारावर चाले. येथें पांच माणसें राबूनही महिना कसाबसा पुरा होतो. होमरला निदान एक मालक होता, त्याच्यावर दांतओठ खातां येई. बॉब स्वतःच मालक आहे. विनोदाची जागाही यामुळें सरकली आहे. मुलें बापाची थट्टा करतात, पण ती त्याच्याच बाजूस उभीं राहून. सारें घर मिळून हंसतें तें आपल्या दैवाला.

२०११ च्या मार्चांत दाखविलेल्या एका भागांत टीना तेरा वर्षांची होते. तिला वाढदिवसाचा मोठा समारंभ हवा आहे, आणि त्यांत जिमी पेस्टोचा मुलगा यावा ही तिची मुख्य इच्छा. पैशासाठीं बॉब दिवसा दुकान चालवून रात्रीं टॅक्सी हांकूं लागतो. तेवढ्यानें भागत नाहीं. प्रतिस्पर्धी जिमी अट घालतो कीं, बॉबनें आपली मिशी उतरवावी, तरच मुलगा येईल. मिशीचें मोल मराठी वाचकास सांगावयास नको. बॉब ती उतरवितो. पुढील भागांत ती पूर्ववत् त्याच्या ओठांवर आहे; रेघांच्या माणसांस एवढी सवलत असते.