घोड्याची मालिश : ग्रंथांतील मौन आणि पागेचीं टिपणें

जुन्या दप्तराच्या रुमालांत अश्वचिकित्सेचीं चार-दोन पानें निघालीं म्हणजे संग्राहक बहुधा त्यांवर 'शालिहोत्र, अपूर्ण' एवढेंच लिहून तीं बाजूस ठेवतात. राजकारणाचें पत्र नव्हे, बखर नव्हे, वतनाचा कागद नव्हे. मग घोड्याच्या तेलपाण्यांत पाहावयाचें काय, असा त्यांचा समज असतो. हा समज सोडला पाहिजे असें आमचें मत आहे. घोड्याचें अंग रगडणें, ज्यास पागेंत मालिश म्हणतात, या एका विषयापुरतें पाहिलें तरी मोठ्या ग्रंथांत जें सांपडत नाहीं तें अशा टिपणांतच सांपडण्याचा संभव आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटविला पाहिजे. खरारा आणि मालिश हीं एक नव्हेत. खरारा म्हणजे लोखंडी दांत्यांचें साधन व त्यानें केलेली सफाई. वाळलेला घाम, धूळ आणि गळते केस काढणें एवढेंच त्याचें काम. त्यामागून केसांची पिशवी हातांत चढवून अंग पुसतात, ती हत्थी. मालिश हा शब्द फारसी 'मालीदन', म्हणजे चोळणें, यावरून आला. तींत हत्यार नाहीं. तळहात, मूठ आणि कोंपरापर्यंतचा हात यांनीं मांसावर दाब द्यावयाचा. संस्कृतांत जवळचे शब्द तीन आहेत. अभ्यंगांत तेल आलें, उद्वर्तनांत चूर्ण आलें, मर्दनांत केवळ दाब. टिपणांत यांपैकीं कोणता शब्द आहे हें पाहिल्यावांचून सगळ्यांस 'चोळणें' म्हणून मोकळें होणें बरें नव्हे.

आतां ग्रंथांकडे वळूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्यांस दिवसांतून दोनदां स्नान घालावें, गंध-माला द्यावी, अनुवासन व नस्य यांस स्नेह किती लागतो, इतका बारकावा त्यांत आहे. घोड्यांची सेवा करणाऱ्यांची जी यादी तेथें दिली आहे तींत सूत्रग्राहक, अश्वबंधक, यावसिक, विधापाचक, स्थानपाल, केशकार आणि जांगुलीविद् इतके येतात. केस कापणारा निराळा आहे, विष उतरविणारा निराळा आहे. अंग रगडणारा मात्र निराळा नाहीं. अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरींत हीच गोष्ट. दोन घोड्यांमागें एक सईस, शिवाय बैतार, नालबंद, पाणी भरणारा, इतकेंच काय, दृष्ट लागूं नये म्हणून इस्पंद जाळणारासुद्धां नेमलेला आहे, मालिशवाला नाहीं. सभासदानेंहि शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सांगतांना पंचवीस बारगिरांमागें एक पखालजी व एक नालबंद यांची नोंद केली, मर्दनाची केली नाहीं.

तीन काळ, तीन भाषा, आणि मौन एकच. यावरून मालिश होत नव्हती असें अनुमान कोणी काढील तर तें आम्हांस मान्य नाहीं. जें काम सर्वांच्या हातचें असतें त्याला हुद्दा नसतो, आणि हुद्दा नसला कीं यादींत नांव येत नाहीं. अर्थशास्त्रकार स्नेहाचें माप देतो, कारण तो स्नेह कोठारांतून द्यावयाचा असतो. हाताच्या दाबाला कोठार लागत नाहीं. यादी ही खर्चाची असते, श्रमाची नसते.

अश्वशास्त्राच्या ग्रंथांनीं ही उणीव भरून काढावी अशी अपेक्षा होते. जयदत्ताचें अश्ववैद्यक आणि नकुलाच्या नांवावरील अश्वचिकित्सित हे ग्रंथ उमेशचंद्र गुप्तांनीं कलकत्त्यास १८८६-८७ च्या सुमारास छापविले. नकुलाच्या नांवाचें अश्वशास्त्र रंगीत चित्रांसह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानें १९५२ सालीं काढलें. विराटाच्या घरीं ग्रंथिक या नांवानें घोडे सांभाळणारा नकुल या शास्त्राचा आचार्य ठरावा हें साहजिकच आहे. परंतु या वाङ्मयांत भोंवरे, रंग आणि शुभाशुभ लक्षणें यांना जी जागा मिळते ती नित्याच्या सेवेला मिळत नाहीं. कारण उघड आहे: घोडा विकत घेणारा धनी ग्रंथ ऐकतो, घोडा रगडणारा मोतद्दार ऐकत नाहीं. कल्याणीच्या सोमेश्वरानें मानसोल्लासांत राजाच्या स्नानभोगांत सुगंधी तेलें आणि अंगमर्दन यांचें कौतुकानें वर्णन केलें. घोडा आला तो वाजिवाह्यालीच्या विनोदांत, म्हणजे खेळांत.

या बाबतींत झेनोफन हा ग्रीक लेखक आमच्या ग्रंथकारांपेक्षां मोतद्दाराच्या अधिक जवळ बसतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील आपल्या अश्वविद्येच्या पुस्तकांत तो सांगतो कीं, पाठीच्या कण्यावर कोणतेंहि साधन लावूं नये, तेथें केवळ हातानें, केसांच्या वळणानें चोळावें. डोकें हाडाचें असल्यामुळें तें पाण्यानें धुवावें. पाय रोज धुतल्यानें खुरांस अपाय होतो, म्हणून ते हातानेंच चोळावे. ज्यानें स्वतः घोडा पाळला त्याचेंच हें लिहिणें.

मालिशीनें होतें काय, तेंहि सांगितलें पाहिजे. खोगीर तासन् तास एकाच जागीं दाबून बसतें, तेव्हां त्याखालच्या कातडीचें रक्त आटतें. तंग एकदम सोडून पाठ उघडी टाकली तर सूज येण्याचें भय असतें. म्हणून घोडा आल्याबरोबर तंग सैल करावा, त्यास सावकाश फिरवावें, मग खोगीर उतरून ती जागा हातानें चोळावी. मान, खांदा आणि पुठ्ठे येथें मांस दाट, तेथें दाब चालतो. गुडघ्याखालीं घोड्याला मांस जवळजवळ नसतेंच, शिरा व हाडच. तेथें हलका हात हवा. ताजी जखम, सूज किंवा ताप असतां मालिश वर्ज्य. फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर केलेली एक पाहणी १९९३ सालीं प्रसिद्ध झाली. घोडे एकमेकांस दांतांनीं जेथें खाजवितात त्या मानेच्या बुंध्याजवळ चोळलें असतां त्यांच्या हृदयाची गति मंदावते, अन्यत्र चोळल्यानें तशी मंदावत नाहीं, असें तींत आढळलें. २००४ सालच्या दुसऱ्या एका पाहणींतहि खांद्यांमधील उंचवटा, मानेचा मध्य आणि पुठ्ठे येथील मालिश सर्वांत गुणकारी ठरली.

मराठी फौजेंत याचें मोल निराळेंच होतें. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. त्याची पाठ लागली कीं चाकरी गेली. बारगिराचा घोडा सरकारचा, आणि परक्या घोड्याची पाठ कोण रगडणार, ही पागेची जुनीच अडचण. १६७३ सालीं चिपळूणच्या छावणीस लिहिलेल्या महाराजांच्या पत्रांत दाणावैरणीची जी चिंता आहे ती हीच. त्याच पत्रांत दिव्याची वात उंदीर नेईल आणि गवत पेटेल असाहि इशारा आहे. येथें तेलाची गोष्ट निघते, आणि वाचकानें सावध व्हावें तें येथेंच.

पागेच्या हिशेबांत तेलाची रकम दिसली कीं ती मालिशीचीच असें नव्हे. दिवे व पोत यांच्याशेजारीं असेल तर तें जाळण्याचें. मसाल्याच्या जिनसांबरोबर असेल तर पाजण्याचें. सईस किंवा मोतद्दार यांच्या नांवें, घोड्यांच्या संख्येच्या प्रमाणांत आणि हिंवाळ्यांत वाढणारें असेल तर अंगास लावण्याचें मानण्यास आधार आहे. असा निवाडा एका सुट्या पानावरून होत नाहीं. मागचीं-पुढचीं पानें हवींत. म्हणून औषधाचें पान वेगळें काढून हिशेबाचें फेंकूं नये, आणि तेलाचे डाग पडलेलीं पानें धुण्याच्या भरीसहि पडूं नये. तीं ठाणावर वापरलीं गेल्याची ती खूण असूं शकते.

शेवटीं एक वाचनाची गोष्ट. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं, आणि घाईच्या अक्षरांत थ व त एकमेकांत मिसळतात. खोगीर, तोबरा, अगाडी-पिछाडी आणि खरारा यांच्या रांगेंत, चार-सहा आण्यांच्या किंमतीस, 'हत्ती' खरेदी केल्याची नोंद दिसली तर ती हत्थी समजावी.