स्तोत्रसंहिता : गाऱ्हाणें आणि आशा

संकटांत सांपडलेल्या मनुष्यानें देवापुढें कसें बोलावें, याविषयीं सुशिक्षित घरांतून एक अलिखित संकेत रूढ झालेला दिसतो. तक्रार करूं नये, जाब विचारूं नये, जें आलें तें मुकाट्यानें सोसावें, आणि या मुकेपणालाच श्रद्धा म्हणावें. हा संकेत मनांत धरून कोणी बायबलांतील स्तोत्रसंहिता उघडली, तर थोडीं पानें उलटतांच त्याला दचकल्यासारखें होईल. येथें भक्त देवाला त्याच्या विलंबाबद्दल, विसराळूपणाबद्दल, तोंड फिरवून बसल्याबद्दल सरळ बोल लावतात; आणि तरीही हाच ग्रंथ दोन हजारांहून अधिक वर्षें यहुदी व पुढें ख्रिस्ती लोकांच्या आशेचा एक मोठा आधार होऊन राहिला आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हें पाहण्यासारखें आहे.

स्तोत्रसंहिता म्हणजे हिब्रू भाषेंतील १५० स्तोत्रांचा संग्रह. त्याचे पांच भाग असून जवळजवळ निम्म्या स्तोत्रांवर दावीद राजाचें नांव आहे. परंतु संग्रह एका हातचा नाहीं, तो कित्येक शतकें वाढत गेला. कांहीं स्तोत्रें यरुशलेमच्या मंदिरांत गाइलीं गेलीं, इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें तें मंदिर जाळल्यावर परमुलखांत नेलेल्या लोकांचा आक्रोशही त्यांत आला. हिब्रूंत या ग्रंथाला 'तेहिल्लीम' म्हणजे 'स्तुतिगीतें' असें नांव आहे. गंमत अशी कीं, प्रकारवार वर्गवारी केली तर त्यांत सर्वांत मोठा भरणा विलापाचा निघतो. ज्यांनीं हें नांव ठेवलें त्यांच्या तें ध्यानांत आलें नसेल, असें संभवत नाहीं. गाऱ्हाणें हाही स्तुतीचाच एक प्रकार, असें त्यांनीं मानलें असावें.

हा ग्रंथ मूळ हिब्रूवरून मराठींत उतरविणाऱ्यांत पंडिता रमाबाई यांचें नांव आदरानें घ्यावें लागतें. हिब्रू व ग्रीक शिकून केडगांव येथें त्यांनीं संपूर्ण बायबलाचें भाषांतर हातीं घेतलें होतें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्यानंतरही काम चालूच राहिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाईंचें निधन झालें.

विलापाची रीत समजण्यासाठीं १३ वें स्तोत्र घ्यावें. तें अवघ्या सहा वचनांचें आहे. पहिल्या दोन वचनांतच 'कोठवर' या अर्थाचा प्रश्न चार वेळां येतो. मग मरणाच्या भीतीनें केलेली विनवणी येते. आणि पांचव्या वचनांत, कांहीं पूर्वसूचना न देतां, सूर पालटतो. तोच मनुष्य देवाच्या दयेवर भिस्त ठेवून गाण्याची भाषा बोलूं लागतो. मध्यें काय घडलें? शत्रु पळाला असें कोठें लिहिलेलें नाहीं. दुःख निवारलें असेंही नाहीं. योआखिम बेग्रिख या जर्मन पंडितानें १९३४ सालीं असा तर्क मांडला कीं, विलाप संपतांच मंदिरांतील पुरोहित आर्ताला देवाच्या नांवानें अभय देत असे, आणि तें ऐकून त्याचा सूर पालटे. पुरोहिताचे शब्द तेवढे लिहून ठेवले गेले नाहींत. तर्क सुंदर आहे, पण बहुतेक स्तोत्रांत त्याला लेखी आधार मिळत नाहीं. अधिक साधा खुलासा असा कीं, बोलणें हाच येथें उपाय होतो. जो 'कोठवर' असें विचारतो, त्यानें ऐकणारा कोणी आहे हें आधींच गृहीत धरलेलें असतें. ज्याचा विश्वास पार आटला, तो देवाशीं भांडत बसत नाहीं. तो गप्प होतो.

महाराष्ट्रांतील वाचकाला ही रीत परकी वाटूं नये. रामदासांचीं करुणाष्टकें आणि पांडुरंगाशीं उघड उघड भांडणारे तुकोबांचे अभंग ज्यांच्या कानांवर लहानपणापासून आहेत, त्यांना देवावर रुसण्याचा अधिकार कोणाचा असतो हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. अर्थात् दोन्हीकडचा इतिहास निराळा, तत्त्वज्ञान निराळें. सारखेपणा आहे तो सलगीचा.

आशेसाठीं हिब्रूंत 'तिक्वा' हा शब्द आहे, आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ दोर. यरीहो नगराच्या कथेंत राहाब ही स्त्री खिडकीला जो तांबडा दोर बांधते, त्यालाही हाच शब्द वापरलेला आहे. आशा करणें यासाठीं जें क्रियापद, तेंच वाट पाहण्यासाठीं. म्हणजे स्तोत्रकर्त्यांची आशा ही सर्व कांहीं सुरळीत होईल अशी प्रसन्न कल्पना नव्हे. ताणलेल्या दोराप्रमाणें तिला ओढ असते. १३० व्या स्तोत्रांत पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचा दृष्टांत एकदां देऊन कवि थांबत नाहीं, लगेच दुसऱ्यांदा देतो. रात्र किती लांब आहे, हें त्या पुनरुक्तीनेंच कळतें. पहाट कांहीं पहारेकरी आणीत नाहीं. पण ती येणार याविषयीं त्याला शंकाही नसते.

४२ व ४३ हीं स्तोत्रें मुळांत एकच असावींत, कारण एकच ध्रुवपद त्यांत तीन वेळां येतें. त्यांत कवि स्वतःच्या जीवाशीं बोलतो. त्याला खचल्याबद्दल हटकतो आणि देवाची आशा धरावयास सांगतो. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, एकदां सांगून भागत नाहीं. पहिल्या ध्रुवपदापाठोपाठच मन पुन्हां खचतें, पुन्हां समजूत घालावी लागते. एका निश्चयानें निराशा कायमची जाते असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हें ध्रुवपद तीन ठिकाणीं कां आलें याचा विचार करावा.

सर्वांत लोकप्रिय तें २३ वें, मेंढपाळाचें. तें इतकें पाठ झालेलें असतें कीं, त्यांतील एक बारकावा सहसा निसटून जातो. आरंभीं देवाचा उल्लेख तृतीय पुरुषीं आहे. वाट काळोख्या दरींत शिरते, आणि नेमक्या त्याच ठिकाणीं 'तो' जाऊन 'तूं' येतो. कुरणांत असतांना देवाविषयीं बोलणें चाललेलें असतें, दरींत देवाशीं.

या संग्रहांत न रुचणारेंही आहे. १३७ व्या स्तोत्राचा शेवट सूडाच्या भयंकर इच्छेनें होतो, आणि कितीही सारवासारव केली तरी तो सौम्य होत नाहीं. एवढेंच म्हणतां येतें कीं, तो सूडही देवापुढें बोलून दाखविलेला आहे.

येशू ख्रिस्तानें वधस्तंभावर केलेला आक्रोश, मत्तय व मार्क यांच्या सांगण्याप्रमाणें, २२ व्या स्तोत्राच्या आरंभींच्या शब्दांत होता. आणि तें स्तोत्र देवानें टाकल्याच्या वेदनेंतून निघून भर मंडळींतील स्तुतीपर्यंत पोंचतें. प्रत्येक विलाप असा उजेडांत येत नाहीं. ८८ व्या स्तोत्रांतील मनुष्य तरुणपणापासून पीडलेला आहे, त्याचे स्नेही दुरावलेले आहेत, आणि मूळ हिब्रूंत त्या स्तोत्राचा अखेरचा शब्दच अंधार या अर्थाचा आहे. सूर पालटत नाहीं, आश्वासन येत नाहीं. संग्राहकांना शेवटीं चार दिलाशाचे शब्द जोडणें अवघड नव्हतें. तें स्तोत्र वगळतांही आलें असतें. त्यांनीं दोन्ही केलें नाहीं. त्या स्तोत्रांत तो मनुष्य परमेश्वराला तीन वेळां हांक मारतो, आणि तिसऱ्या वेळची त्याची प्रार्थना सकाळच्या प्रहरची आहे.