लोहाच्या गोळीने मुलगा होत नाही

‘सुनेच्या अंगात रक्त कमी, म्हणून मुलगी झाली.’ हे वाक्य जुनंच आहे. हल्ली ते जपानी संशोधनाचा हवाला देऊन ऐकवलं जातं, आणि हवाला देणाऱ्याने ते संशोधन वाचलेलं नसतं.

ओसाका विद्यापीठाच्या माकोतो ताचिबाना यांच्या गटाचा हा शोधनिबंध २०२५ साली ‘नेचर’मध्ये आला. प्रयोग उंदरांवरचा. गाभण माद्यांच्या शरीरातलं लोह औषधाने खूप घटवलं, तेव्हा एक्सवाय गुणसूत्रांच्या ७२ पिल्लांपैकी चौघांत वृषणांऐवजी अंडाशयं तयार झाली. एकात एका बाजूला वृषण, दुसऱ्या बाजूला अंडाशय. वृषण घडवण्याचा हुकूम वाय गुणसूत्रावरचं ‘एसआरवाय’ जनुक देतं. त्याच्यावर रासायनिक खुणांचं कुलूप असतं आणि ते काढणाऱ्या केडीएम३ए या विकराला लोह लागतं. लोह फारच घटलं, तर कुलूप निघत नाही.

आता नीट पाहा. ती पाचही पिल्लं एक्सवाय होती आणि वाय बापाकडूनच आला होता. एक्सएक्स गर्भात हे जनुकच नसतं, मग आईला कितीही लोह द्या, उघडायचं काय? बाकीच्या ६७ पिल्लांत इतकं लोह घटूनही असा बदल झाला नाही. माणसात असं घडतं, हेही या प्रयोगाने दाखवलेलं नाही. शिवाय मानवी गर्भात हे जनुक सहाव्या-सातव्या आठवड्यात काम करतं. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. ती मुलगा कसा घडवेल? मुलगी झाली म्हणून आईला बोल लावणाऱ्यांना यात कणभरही आधार नाही.

लोह फक्त रक्तासाठी, हाही गैरसमज: पेशी दुभंगताना डीएनएचे घटक बनवणाऱ्या विकरालाही ते लागतं. गोळ्यांनी बाळ काळं होतं, हे साफ खोटं. काळसर होतो तो आईच्या शौचाचा रंग. जास्त लोह म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. अतिरिक्त लोह पेशींना इजा करतं. आणि गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. म्हणून दिवस जाण्याची वाट न पाहता आधीच हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि गरोदरपणात ते ११ ग्रॅमच्या खाली गेलं तर डॉक्टरांना लगेच दाखवा.